दिनूच्या केबलवर आमची विहीर

१२ मे ९५
विहिरीचं पाणी आज पुन्हा तांबडं. कंपनीचा नाला कठड्याला लागून, दुसरं काय होणार. चहा फाटला. नगरपालिकेत गेले तर साहेब म्हणतो, "आजी, नमुना तपासायला पाठवलाय." गेल्या होळीपासून पाठवतोय मेला. नमुना काय काशीला गेला?
सून म्हणाली, टीव्हीवर दाखवू. केबलवाल्या दिनूला विचारलं. "काकी, कंपनीची जाहिरात असते माझ्याकडं." तुझी आई ह्याच विहिरीवर बाळंत झाली रे, भाड्या.

१४ मे
उल्हासनगरहून लग्नाचं शूटिंग करणारा लच्छू आला. नाला, विहीर, पोरींच्या पायावरचे फोड, सगळं घेतलं. मी बाजूला उभी. कंपनीच्या सात पिढ्या काढल्या.

१६ मे
दिनूची वायर आमच्या पत्र्यावरून पुढं जाते. सुमन, माझी सून, घरी टीव्ही दुरुस्त करते, तिला वायरी कळतात. दुपारी ऐन सिनेमात तिनं ती काढून आपला व्हिडिओ जोडला. आमच्यापासून टोकापर्यंत घरोघर विहीर!
पण लच्छूनं सवयीनं सनई घातलेली. फोड बदामाच्या आकारात, भोवती गुलाब. आणि सनईच्या वरताण माझ्या शिव्या. आवाज कुणाचा, ते अख्ख्या आळीला कळलं.
शेजारची वत्सला दारात. "हिरोइनचं लग्न लागत होतं, तेवढ्यात तुमचा नाला!" पाणी तेच पिते, भवानी.

१७ मे
दिनू, हवालदार, कंपनीचा माणूस. वायर तोडली म्हणून सुमनला आत टाकणार म्हणे. तिची पोर अजून अंगावर पिते. मग माणूस गोड झाला. "आजी, केस नाही करत. रोज टँकर पाठवतो. तुम्ही केबलवर एवढंच सांगा, पाणी चांगलंय, आमची चूक झाली."
टँकर ऐकून आळी हंडे घासायला लागली. थू.

१८ मे
हो म्हणून कळवलं. उद्या दुपारी, दिनूच्या खोलीत. सुमन चिडलीय माझ्यावर. तरी तिलाच विचारलं, कॅसेट करणार की सरळ दाखवणार?
"सरळ. का?"
मधेच बंद करता येतं?
"दिनू वायर उपटेपर्यंत वेळ जातोच. आई, काय करणार आहात?"
कंपनीचा माणूस शेजारी बसणार म्हणे, हसऱ्या तोंडानं. आपल्याकडं आलेल्याला आधी पाणी देतात. विहिरीवर जाऊन तांब्या भरून आणला.