ताईला माझं मत

३ मार्च १९९७, सोमवार
झालं! संसदेच्या वरच्या सभागृहासाठी पक्षानं ताईचं नाव दिलं. माझं नाही. बैठकीत सगळ्यांनी बाकं वाजवली. मीही वाजवली — तळहात लाल होईपर्यंत.

गंमत म्हणजे त्या सभागृहात कोण जाणार हे जनता नाही ठरवत, आम्ही राज्याचे आमदार ठरवतो. ताई आमदार, मीही आमदार. ती तीनदा निवडून आलेली. मी एकदा, तेही म्हणे तिच्या पुण्याईवर. आता तिला तिथं पोचवायला माझं मत लागणार!

४ मार्च
आई फोनवर आनंदानं रडली. मी निवडून आले तेव्हा म्हणाली होती, "बरं झालं, ताईच्या हाताखाली कुणीतरी हवंच होतं." हाताखाली!

७ मार्च
दुकानांत दिवसभर उभ्या असलेल्या बायकांना बसायला खुर्ची मिळावी — एवढासा माझा कायदा. दोन वर्षं उंबरे झिजवून विधानसभेत पास करून घेतला. पण कामगारांचा विषय राज्याचाही आणि केंद्राचाही. त्यांच्या कायद्याला आपला जरा घासला, की तिथली मंजुरी हवी. वर्ष झालं, फाइल तिथं धूळ खातेय.

आज कँटीनमध्ये सगळ्यांसमोर ताई म्हणाली, "मी गेले ना, की पहिलं तुझं खुर्चीचं काम करते, चिमे." चाळिशी उलटली माझी, आणि चिमी! शिवाय तिनं मंजुरी आणली की तो होणार "ताईंचा कायदा". आत्तापासून ऐकू येतंय मला.

१० मार्च
जळतेय मी. लिहून टाकलं, बरं वाटलं. नाही वाटलं.

फाटकावरचा शिपाई तिला बघून ताडकन उभा राहतो. मला विचारतो, "ताई मागून येतायत का?"

१३ मार्च
मतदान कसं करायचं, याची आज रंगीत तालीम. पक्षाचे प्रतोद म्हणजे आमचे हेडमास्तर — कुणी गैरहजर राहू नये, कुणी फुटू नये हे बघणं त्यांचं काम. "मतदान गुप्त आहे, पण अक्कल गुप्त ठेवू नका! ताईंच्या नावापुढं एक आकडा काढायचा. तिथं ठेवलेल्या जांभळ्या पेनानंच. खिशातलं पेन काढलंत की मत बाद!"

सगळे हसले. माझ्या पर्समध्ये ताईनं दिलेलं पेन होतं, मी निवडून आले तेव्हाचं. जाड निबाचं. निळी शाई.

१५ मार्च, दुपार
मत दिलं. ताईलाच दिलं. निळ्यानं.

१५ मार्च, संध्याकाळ
पडली.

मला वाटलं होतं, ती दोन-तीन मतांनी येईलच. माझ्या जिवाला तेवढंच जरा गार वाटेल, बस! पण मोजणीत दोघांची मतं सारखी निघाली. एक बाद. मग चिठ्ठी काढली — समोरच्या पक्षाच्या उमेदवाराची आली. चिठ्ठीनं पाडलं, मी नाही, असं दहादा मनाशी म्हणून बघितलं.

बाद झालेलं मत उमेदवारांना दाखवतात. मी दारातून बघत होते. ताईनं कागद उजेडाकडं धरला. माझ्या एकाची शेपटी लांब असते. लहानपणी पाटीवर तिनंच गिरवून घेतलेला तो एक. तिनं कागद शांतपणे परत दिला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

१६ मार्च
प्रतोद एकेकाला खोलीत घेतायत. मला म्हणाले, "तू तर सख्खी बहीण, तुझ्यावर कशाला संशय घेऊ?" — आणि सगळ्यात जास्त वेळ मलाच बसवलं.

आई फोन उचलत नाही.

१७ मार्च
चपलांच्या दुकानातली बाई भेटायला आली. पाय सुजून टम्म. "मॅडम, ताई जाणार होत्या ना तिकडं? मग आता आमच्या खुर्च्या?" बघते म्हटलं. काय बघणार आहे, कपाळ! तिला माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं, तर उठता उठवेना तिला.

१८ मार्च
ताईनं पत्रकारांना सांगून टाकलं, "ते बाद मत माझंच. गडबडीत स्वतःचं पेन चालवलं. दुसऱ्या कुणाकडं बोट दाखवू नका."

चहाच्या वेळेपर्यंत सगळं सभागृह तिच्या कौतुकात. आईचा फोन आला एकदाचा — "बघ, केवढं मन तिचं!" मागोमाग ताईचा. तेवढंच विचारलं, "जेवलीस का, चिमे?"

नाही. हे मी तिला घेऊ देणार नाही. उद्या सभागृहात उभी राहून सांगणार — ते मत माझं होतं. माझं!