शालूआत्याची तालीम

पुणे, ६ जानेवारी २०२५

ती. शालूआत्यास,
सप्रेम जय भीम, वि. वि.

फोन असताना हिने पत्र का लिहिलं, म्हणून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. फोनवर तू बरं बरं म्हणून ठेवून देतेस आणि या वेळी मला पुरतं उत्तर हवंय.

नाट्यशास्त्र विभागातलं आमचं हे शेवटचं वर्ष. डिसेंबरात प्रत्येकाने ओळखीचं एक माणूस निवडून दहा मिनिटं एकट्याने उभं करायचं होतं. कुणी आजोबा केले, कुणी मेसवाल्या काकू. मी तुला केलं.

चौथीत असताना संक्रांतीच्या सुट्टीला मी मळवलीला तुझ्याकडे आले होते, आठवतं? दुपारी पेरूच्या झाडावर चढले होते. तू सांभाळतेस त्या बंगल्याचा हॉल तिथून दिसतो. मॅडम मुंबईला होत्या. तू एकटीच, बंद पडलेल्या फोनचा रिसीव्हर कानाला लावून, कमरेवर हात ठेवून मॅडमसारखी बोलत होतीस. मग मान खाली घालून तुझी तू व्हायचीस, की परत मॅडम. काचेमुळे ऐकू काहीच येत नव्हतं. म्हणून शब्द मी माझ्या मनाने घातले. चादरीवरच्या डागावरून आणि चहातल्या साखरेवरून मॅडम तोंडसुख घेतात, असं केलं. लोक पोट धरून हसले.

बघायला राजेश्वरीताई आल्या होत्या. त्या व्यावसायिक नाटकं बसवतात आणि नवीन मुलं शोधायला दर वर्षी आमच्याकडे येतात. हाच प्रवेश घालून मला त्यांच्या नव्या नाटकात घ्यायचं म्हणतात. आत्या, नाटक शिकून पोरगी करणार काय, असं पप्पांना वराळ्यात लोक अजून विचारतात. त्याचं उत्तर देता येईल असं पहिल्यांदा वाटतंय.

पप्पा म्हणाले, शालूताईला काय विचारायचं, ती खूशच होईल. पण मला विचारायचंय. महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली आहे. तू नको म्हणालीस तर नको.

राग आलाच तर तोही सविस्तर लिही, लोभ मात्र होता तेवढा राहू दे.

तुझी,
यशोधरा


मळवली, १३ जानेवारी २०२५

चि. यशोधरास,
जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून डब्यात ठेवलं, परत काढलं, परत वाचलं. नंदाबाईकडून नवा इंद्रायणी तांदूळ घेतलाय. तुझा बाप सुहास येईल तेव्हा त्याच्याबरोबर तुला पाच किलो पाठवते. होस्टेलचा भात खाऊन तुझा आवाज बसतो, असं त्याचं म्हणणं आहे.

तू त्या झाडावर चढली होतीस हे मला आज कळतंय. पाय मोडून घेतला असतास म्हणजे? आणि मला वाटत होतं, तिथे कुणी नाही. कुणी नव्हतं म्हणूनच तर बोलत होते.

लोक हसले हे वाचून मला लय वाईट वाटलं, लपवत नाही. मी मॅडमची नक्कल करत नव्हते गं. मी सुट्टी मागायची तालीम करत होते. शनिवार-रविवार पाहुणे असतात, तेव्हा बंगला सोडता येत नाही. आणि त्याच महिन्यात रविवारी तुझ्या शाळेचं गॅदरिंग होतं. तू शेतकरीण होणार होतीस. सुहासने ये म्हणून दोनदा निरोप धाडला. म्हणून मी घोकत होते. मी म्हणायचे, मॅडम, या रविवारी मला गावाला जायचंय. मग मॅडम होऊन म्हणायचे, शालू, पाहुणे येणार, असं कसं चालेल? आठ दिवस घोकलं. रोज तेच उत्तर. शेवटी मागितलीच नाही.

तेव्हा ते लोकांपुढे नको. तू मोठी नटी व्हावीस असं माझ्याइतकं कुणाला वाटत नसेल, पण त्या दुपारच्या जिवावर नको.

रागावले आहे आणि तांदूळ पाठवते आहे, यावरून काय ते समज.

तुझी आत्या,
शालू


पुणे, १८ जानेवारी २०२५

ती. शालूआत्यास,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी राजेश्वरीताईंना नकार कळवला. त्या रागावल्या नाहीत. पण तो प्रवेश नसेल तर नाटकात माझ्याजोगं दुसरं काम नाही, असं सरळ म्हणाल्या. महिनाअखेरपर्यंत थांबतील, मग दुसरी मुलगी बघतील.

तुझं पत्र मी आमच्या सरांना दाखवलं, विचारल्याशिवाय दाखवलं म्हणून आधीच माफ कर. सर म्हणाले, तुला बघायला शिकवलं आम्ही, विचारायला शिकवायचं राहिलं. खरंच आत्या, हशा मिळवणं सोपं होतं म्हणून मी ते शब्द घातले. तू काय बोलत असशील, असं मला चौदा वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही. चुकलं माझं.

माझी काळजी करू नकोस. वराळ्याच्या शाळेने मुलांचं नाट्यशिबिर घ्यायला बोलावलंय, ते घेईन. ऑडिशन देत राहीन. आमच्या आधीच्या वर्गातली कोमल तेवीस ठिकाणी जाऊन आली, तेव्हा तिला मालिकेत नर्सचं काम मिळालं. दोन दिवस रडले हे मात्र खरं आहे.

विभागाचं शेवटचं सादरीकरण पुढच्या रविवारी, सव्वीस तारखेला आहे. मी एका म्हातारीचं काम करतेय. सव्वीस जानेवारीचा रविवार म्हणजे तुझ्याकडे पाहुण्यांची रीघ, तुला जमणार नाही हे ठाऊक आहे. नुसतं कळवते.

तांदूळ पोचला. भाताच्या वासाने शेजारच्या खोलीतल्या मुलीही ताट घेऊन आल्या. माया अशीच असू दे.

तुझी,
यशोधरा


मळवली, २२ जानेवारी २०२५

चि. यशोधरास,
जय भीम, आणि आशीर्वाद आहेतच.

हे पत्र सुहासच्या हाती देते आहे, टपालाने रविवारच्या आत पोचायचं नाही.

काल सकाळी मॅडमना फोन लावला. म्हटलं, मॅडम, या रविवारी मला पुण्याला जायचंय, भाचीचं नाटक आहे. मॅडम म्हणाल्या, जा की शालू, पाहुण्यांचं मी शेजारच्या रुपालीला सांगते. वर नाटक कुठलं, भाची काय शिकते, तेही विचारलं. अर्धं मिनिट लागलं असेल.

फोन ठेवला आणि ओट्यापाशी बसून रडले. आधी मॅडमचा राग आला. मग वाटलं, त्यांचा कसला राग? तुझं गॅदरिंग, दहावीचा सत्कार, एकांकिकेला बक्षीस मिळालं तो दिवस, सगळे रविवारच होते आणि सगळे मी सोडले. त्यांनी मला एकदाही नाही म्हटलेलं नाही यशू. नाही म्हणणारी मॅडम कायम मीच झाले होते.

राजेश्वरीताईंना सांग, आत्याची हरकत नाही. तो प्रवेश कर. पण शब्द माझे घाल, मी लिहिलेत तेच. डाग आणि साखर काढून टाक, मॅडमना वाईट करू नकोस. लोक हसले तर हसू देत. कुठे हसतात आणि कुठे गप्प होतात, ते मला बघायचंय.

रविवारी सकाळच्या गाडीने येते. सुहास स्टेशनवर थांबणार आहे. मला फार पुढे बसवू नकोस, तुझं माझ्याकडे लक्ष जाईल.

तुझ्या चौथीतल्या शेतकरणीपासून सगळं बघायचं राहिलं, त्याची माफी समोरासमोर मागेन. मागायला आता जमतंय मला.

तुझी आत्या,
शालू