क्लेपोन अजून जेवला नाही

मलांग, ३ ऑगस्ट

प्रिय पार्मीताईस, विनार्तीचा सलाम.

तू, आपलं टोफूचं दुकान आणि दुकानातलं ते माजोरडं मांजर, सगळे मजेत असाल. मीही मजेत. इथे डोंगरात सध्या इतका गारठा आहे की सकाळी नळाचं पाणी चावतं. माझं लग्न झाल्यापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. फाडायचा तर फाड, पण वाचून फाड.

बातमी एकच. आमच्याकडे अजगर आलाय.

घाबरू नकोस. आफ्रिकेतल्या जातीचा, लहान, हाताच्या मनगटाएवढा जाड. बॉल पायथन म्हणतात त्याला. भ्याला की अंगाचा चेंडू करून तोंड मधोमध लपवतो. म्हणून गालुहने त्याचं नाव क्लेपोन ठेवलंय. आपण तांदळाच्या पिठाचे गुळाचे गोळे करतो ना, ते. गालुह म्हणजे यांची मुलगी, सोळा वर्षांची. लग्नात कोपऱ्यात बसून मोबाईल बघत होती, ती.

तर झालं असं. एके दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि फ्रिजकडे बघत म्हणाली, "सापाची भीती वाटते?" फ्रिज काही बोलेना, म्हणून मी म्हटलं, "छे." ताई, तुला आठवत असेल, सोयाबीनच्या पोत्यामागे साप निघाला तेव्हा तू त्याला झाडूने हुसकेपर्यंत मी टेबलावरून उतरले नव्हते. पण या मुलीने मला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं. भीती वाटते असं कसं म्हणू? दुसऱ्या दिवशी कापडी पिशवीतून क्लेपोन हजर.

त्याचं घर म्हणजे गालुहच्या वारलेल्या आईचं काचेचं कपाट, ज्यात चांगल्या कपबश्या असायच्या. त्या गालुहने स्वतःच कागदात गुंडाळून ठेवल्या. त्या कपाटाला मी आजवर बोटही लावलं नव्हतं. आता त्यात नारळाचा भुसा पसरलाय, एका बाजूला ऊब देणारा दिवा, दुसरी बाजू गार, मध्ये पाण्याचं भांडं. विकणाऱ्याने बजावलंय की आठवडाभर हात लावायचा नाही, सारखं डोकवायचं नाही, नवीन जागा आहे, त्याची त्याला सवय होऊ द्या.

दिवा आणि भाताचा विजेचा कुकर एकदम लावला की घराचा मेन स्विच पडतो. पहिल्या दिवशी तीनदा अंधार झाला. शेवटी पाक हार्तोयो (यांना 'हे' म्हणायला मला अजून लाज वाटते) म्हणाले, "भात गॅसवर कर. त्याला गॅसवर ठेवता येणार नाही." आणि फ्रीझरमध्ये गोठवलेले उंदीर आहेत. शेजारच्या बू तितिक बर्फ मागायला आल्या आणि मी 'घ्या ना हाताने' म्हटलं. तेव्हापासून त्यांना बर्फ लागत नाही.

पण क्लेपोन जेवत नाही. उंदीर कोमट करून समोर धरला तरी तोंड फिरवतो. गालुह शाळेतून आली की आधी कपाटाशी जाते, आणि तिचा चेहरा बघवत नाही. विकणारा म्हणतो, जागा फार मोठी वाटत असेल, त्याला अंगाला चारी बाजूंनी भिंत लागेल अशी बिळासारखी जागा द्या. तेव्हा मी तुझ्या टोफूची बांबूची डबी घेतली, एका बाजूला भोक पाडलं आणि उपडी घातली. तासाभरात स्वारी आत. गालुहने डबी बघितली.

"कुठून आणलीत?"

"केदिरीहून, ताईच्या दुकानातून."

"अजून आहेत?"

"आहेत."

आमचं आजवरचं सर्वांत मोठं संभाषण हे.

मी मात्र नीट जेवते, काळजी करू नकोस. त्या दोघांचं झालं की स्वयंपाकघरात उभ्याउभ्या खाते. दुकानातली सवय. दुकानात आपण बसून जेवायचो हे मला माहीत आहे, तू आठवण करून द्यायची गरज नाही.

हो, सहज विचारते, दुकानावरची माझी खोली कुणाला भाड्याने दिलीस का? अगदी सहज.

तुझी,
विनार्ती


मलांग, २१ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझं उत्तर आलं नाही. म्हणजे तू वाचलंस. फाडलं असतंस तर तेही कळवलं असतंस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

आमच्याकडे गोंधळ झाला, आणि त्याला कारण मीच. गालुह शाळेत गेली की क्लेपोनचं पाणी मी बदलत असे. तिला हे माहीत नव्हतं. पाणी बदलताना दोन गोष्टीही बोलायचे. घरात दिवसभर ऐकणारं दुसरं कोण होतं? कपाटाची काच सरकती आहे आणि ती सरकू नये म्हणून फटीत लाकडाचा तुकडा लावायचा असतो. तो मी एका दिवशी परत लावायला विसरले. सकाळी बघतो तर कपाट रिकामं.

गालुह रडली नाही. पांढरी पडली. मी खरं सांगून टाकलं. वाटलं, आता ही ओरडेल. तर म्हणाली, "तुम्ही पाणी बदलत होतात?" मी म्हटलं, हो. "मला वाटायचं पप्पा बदलतात." आणि खाली बसून सोफ्याखाली बघायला लागली.

हे शाळेत शिकवायला जाणार होते, ते रजा टाकून टॉर्च घेऊन बाहेरच्या खोलीत आडवे झाले. आम्ही दोघी आत. गालुह म्हणाली, ऊब कुठे आहे ते बघू. माझ्या पलंगामागच्या भिंतीला पलीकडून फ्रिज टेकलाय, तिथे भिंत कोमट असते. पलंगाखाली माझी बॅग होती. चेन अर्धी उघडी.

तिने बॅग ओढली आणि माझे कपडे एकेक बाहेर काढायला लागली. आधी सारोंग, मग ब्लाऊज, मग स्वेटर. आणि अगदी तळाशी, तू दिलेल्या बाटिकमध्ये क्लेपोन, गोळा होऊन. मी किंचाळले नाही. पाय तेवढे पलंगावर घेतले.

गालुहने त्याला उचललं नाही. माझ्या कपड्यांच्या ढिगाकडे बघत बसली.

"तुम्ही परत चाललात?"

"नाही."

"मग सगळं बॅगेत का?"

"खोलीतल्या कपाटात तुझ्या आईचे कपडे आहेत."

"मग मला सांगायचं ना."

"तुझे वडील म्हणाले, तिच्या मागे लागू नकोस, वेळ दे, ती आपणहून येईल."

तिने माझा स्वेटर घडी करून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "मलाही हेच सांगितलं. तुमच्याबद्दल. त्या नवीन आहेत, त्रास देऊ नकोस, आपणहून बोलतील."

आम्ही दोघींनी दाराकडे बघितलं. बाहेर हे टॉर्च मारत "क्लेपोन, ए क्लेपोन" अशा हाका घालत होते. सापाला कान नसतात हे शिक्षकाला माहीत नसावं. साप सापडल्याचं आम्ही त्यांना लगेच सांगितलं नाही. आणखी थोडं शोधू दिलं. कपाट सरकवून झालं, चपलांचं खोकं उलटं करून झालं, तेव्हा गालुहला हसू आवरेना.

संध्याकाळी मी यांना चांगलंच धारेवर धरलं. तर म्हणतात, "पण बोललात ना शेवटी?" माणूस गुणी आहे ताई, पण कधीकधी उलथन्याने मारावासा वाटतो.

रविवारी गालुहने आईचे कपडे काढले. काही ठेवले, काही द्यायचे म्हणून बाजूला केले, एक निळा ब्लाऊज अंगात घालून बघितला, तो तिला थोडा सैल होतो. मी घड्या धरून उभी होते. त्या दुपारबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही. दोन फळ्या माझ्या झाल्या. तू म्हणाली होतीस, दुसरीच्या भरल्या घरात तुला जागा कुठे मिळणार. ते मला इतके दिवस लागून राहिलं होतं, आणि तू बरोबरच ठरणार असं वाटायला लागलं होतं, म्हणून खोलीचं विचारलं. खोली दे कुणालाही.

आणि काल क्लेपोन जेवला. डबीतून तोंड काढलं, बराच वेळ नुसता बघत राहिला, आणि झडप घातली ती इतकी अचानक की गालुहने माझं मनगट आवळलं. अजून वळ आहे. मी पूर्ण वेळ बघत होते, असं मी तिला सांगितलंय. मग आम्ही तिघंही जेवलो. टेबलापाशी.

ती आत्ता मागे उभी राहून हे वाचते आहे. मला ती अजून 'अहो' वरच भागवते आणि माझी तक्रार नाही. पण आत्ता विचारते, "मावशींना साप चालतात का? नाहीतर त्या आल्यावर कपाटावर चादर टाकू."

मी म्हटलं, "कोण मावशी?"

म्हणाली, "तुम्ही ज्यांना लिहिताय त्या."

ताई, माझ्यावरचा राग माझ्याकडे राहू दे. पण तिने तुला काहीतरी विचारलंय. तिला उत्तर दे.

वाट बघणारी,
तुझी विनू