पाटीवरची बाई

॥ श्री ॥
बरकतपुरा, हैदराबाद
१२ मे १९५७

ती. सौ. सुशीलाअक्कांस मनकर्णेचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पोचले. लोणच्याला तेल कमी पडलं म्हणून एवढ्या हळहळू नका. मागल्या वर्षी जास्त पडलं म्हणूनही तुम्हीच रडला होतात. राज्यं नव्यानं आखली आणि कचेरीनं तुमच्या भावाला औरंगाबादेला नेलं, त्याला सहा महिने झाले. लेकी सासरी, घरात मी आणि माझं शिलाई मशीन. 'क्वार्टर मिळालं नाही, मिळालं की नेतो' हेच यांच्या दर पत्रात. माझी ट्रंक भरलेलीच आहे. तुमच्याकडे जेवायला येतात, एवढ्यावर मी निर्धास्त.

आता पुढचं बसून वाचा. जामबागच्या शाळेचे गणवेश शिवताना मशीन अडलं, म्हणून सुलतान बाजारातल्या दुकानात गेले होते. तिथं कासिमभाई म्हणून फोटोग्राफर बसलेले. मशीनच्या कंपनीला जाहिरातीसाठी बाई हवी होती. दोन तरुण पोरी बसवून पाहिल्या, पण त्यांना सुईत दोरा घालता येईना. मी दुकानदाराशी तावातावानं भांडत होते आणि कासिमभाई माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, अम्मा, तुमचा फोटू काढू का. मी म्हटलं, नक्को, बेचाळिशीत कसला आलाय फोटू. तर म्हणतात, गिऱ्हाइकाचा भरवसा बसेल असाच चेहरा हवा.

अक्का, तुमच्यापाशी काय लपवायचं? दिव्यापुढं बसवून त्यांनी माझा हात, माझी मान, पदराची चुणी इतकी निरखून पाहिली, की इतका वेळ माझ्याकडे आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. मला ते आवडलं. हसा खुशाल.

पण एक झालं. जाहिरातीतली बाई विधवा आहे, नवऱ्यामागं मशीनवर पोरांना शिकवलेली. कुंकू पुसायला सांगितलं तेव्हा मी उठलेच. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. ओल्या पदरानं माझं मीच पुसलं. मंगळसूत्र, बांगड्या रुमालात बांधून मांडीवर ठेवल्या. घरी येताच सगळं पुन्हा ल्याले, तरी झोपण्याआधी दोनदा आरशात कपाळ पाहून आले. कासिमभाई म्हणतात, जाहिरातीची पाटी इथल्या दुकानापुरतीच आहे. तुमच्या भावाला सांगू नका, सवडीनं मीच सांगेन. कंपनी मला पुन्हा बोलावणार आहे आणि मला जायचं आहे.

मुलांना पापे. माया आहे तेवढी राहू द्या, वाढली तर मी नाही म्हणणार नाही.

आपली,
सौ. मनकर्णा

॥ श्री ॥
औरंगाबाद
२० ऑगस्ट १९५७

चि. सौ. मनकर्णा हिस अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझ्या नावामागं 'सौ.' लिहिताना आज माझा हात थांबला, असा वाईट दिवस तू आणलास. तुझी ती पाटी इथं गुलमंडीत लागली आहे. चांगली पुरुषभर उंच, रंगीत. तू मशीनवर बसली आहेस, कपाळ कोरं, आणि खाली लिहिलंय, 'पतीच्या माघारी हाच आधार'. अप्पाची, तुझ्या नवऱ्याची, कचेरीची वाट तिच्याच समोरून जाते. आठवडाभर तो जेवायला उशिरा येई आणि लगेच उठून जाई. मला वाटलं, साहेबाशी वाजलं असेल.

परवा कळस झाला. आपले चुलते हणमंतराव परभणीला असतात, त्यांनीही तिथं तीच पाटी पाहिली. राज्य फुटल्यापासून सोयरेधायरे पांगलेले, कुणाचं बरंवाईट वेळेवर कळत नाही, तेव्हा त्यांनी मनानंच काय ते धरलं. तुझ्या नावानं विधवेला लिहितात तसं 'गं. भा.' घालून पत्र टाकलं म्हणे, ते तुला मिळालं असेलच. दुखवट्याचं लुगडं घेऊन ते थेट अप्पाच्या क्वार्टरवर गेले, त्याचं सामान आवरायला हात लावावा म्हणून. उंबऱ्यातच त्यांनी मोठ्यानं गळा काढला, आणि दार उघडलं ते अप्पानंच. म्हातारा मटकन खाली बसला. अप्पानं त्यांना पाणी दिलं, चहा केला, गाडीत बसवून दिलं.

मग ते लुगडं त्यानं माझ्यापुढं आणून ठेवलं आणि विचारलं, तुला ठाऊक होतं का. मी हो म्हटलं. तेव्हापासून तो माझ्याकडे जेवत नाही. तुझं गुपित ठेवून मी भावाला दुखावून बसले.

आता जास्त विचार करू नकोस, निघून ये. चैत्रात क्वार्टर मिळालं तेव्हा मागची खोली मीच चुन्यानं रंगवून दिली होती, ती तशीच रिकामी आहे. उन्हाळ्यात तुझे हाल नकोत म्हणून अप्पा तुला 'नाही' लिहीत असेल, असं धरून मी मध्ये पडले नाही. जाहिरातीचं वेड सोड आणि ती पाटी उतरवून घे.

रागावले असले तरी माझा जीव तुझ्यातच आहे.

तुझी,
सुशीलाअक्का

॥ श्री ॥
औरंगाबाद
२५ ऑगस्ट १९५७

सौ. मनकर्णा हिस आशीर्वाद वि. वि.

अक्कानं सर्व कळवलं असेल. मी शिकलेला माणूस आहे, शकुन-अपशकुन मानत नाही, असं तुला नेहमी सांगत आलो. पण रोज त्या पाटीसमोर आलो की मी रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं जातो. परवा बारीक ताप आला तर मनात नाही ते येऊन गेलं. मला भीती वाटते, हे तुला लिहायला लाज वाटत नाही.

कचेरीतल्या शिपायानं विचारलं, साहेब, ही बाई तुमच्या घरातली का? मी नाही म्हणालो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कंपनीला सांगून ती पाटी उतरव. यापुढं असले फोटो काढायचे नाहीत. तू तिकडचं घर सोडायची घाई करू नकोस, इथं राहण्याची सोय अजून मनासारखी नाही.

प्रकृतीस जपावे.

अप्पाराव

॥ श्री ॥
बरकतपुरा, हैदराबाद
३ सप्टेंबर १९५७

आपल्या चरणी मनकर्णेचा शि. सा. नमस्कार वि. वि.

हणमंतरावांचं पत्र मला मिळालं. पाकिटावरचं 'गं. भा.' वाचलं आणि मी पायरीवरच बसले. शेजारची वेंकम्मा धावत आली, तिला वाटलं, तुमचंच काही झालं. नंतर अक्कांचं पत्र आलं. हणमंतरावांपुढं तुम्ही दार उघडलंत तिथं मला हसू फुटलं आणि मग रडू आवरेना. ताप आता कसा आहे ते आधी कळवा. तुमच्या नावानं मी नारळ वाहिला आहे. माझ्यामुळं तुम्ही घाबरलात, याचं मला फार वाईट वाटतं.

पण अक्कांच्या पत्रातून मला आणखी एक कळलं. क्वार्टर तुम्हाला चैत्रात मिळालं. वैशाखात तुम्ही मला लिहिलंत, मिळालं नाही. आषाढातही तेच. मी दर रविवारी ट्रंकेतल्या लुगड्यांना ऊन दाखवून पुन्हा घडी घालून ठेवत होते. कुंकू मी एका दुपारीच पुसलं, तेवढ्यानं तुम्हाला जेवण जाईना. चैत्रापासून तुम्ही त्या दोन खोल्यांत एकटे राहिलात, तेव्हा मी तुमची कोण होते? शिपायाला नाही म्हणालात ते कळलं. मला काय म्हणता, तेवढं सांगा. एकटं राहणं बरं वाटत असेल तर तसं लिहा. मी रडेन, पण खरं कळल्यावर रडेन.

कंपनीला मी बजावलं, पुन्हा कुंकू पुसणार नाही. ते कबूल झाले. नव्या पाटीवर बाई मशीन चालवतेय आणि नवरा शेजारी खुर्चीत बसून पेपर वाचतोय, असा फोटो हवा आहे. ही पाटी लागली की जुनी सगळीकडून उतरेल, गुलमंडीतलीसुद्धा. तेव्हा तुम्हाला ती उतरवायची असेल तर मला हा फोटो काढावाच लागेल. आणि मला तो काढायचाच आहे.

नवरा म्हणून कासिमभाईंनी जामबागेतले आबासाहेब मास्तर हेरून ठेवलेत. मिशा चांगल्या आहेत. मी त्यांना सांगितलं, घटस्थापनेच्या आधीच्या रविवारपर्यंत ती खुर्ची कुणाला देऊ नका. तुम्ही आलात तर काळा कोट घेऊन या, इस्त्री मी करीन. नाही आलात तर माझ्या कपाळी ठसठशीत कुंकू असेल, शेजारी आबासाहेब असतील, आणि ती पाटीही तुमच्याच वाटेवर लागेल.

पत्र नको, गाडीचा दिवस कळवा. लोभ असला तर या.

मनकर्णा