तुझ्या नावापुढे माझी सही

प्रिय रतन,

आईंना दुपारची जरा डुलकी लागली आहे. तुझी कूस मी आत्ताच बदलली आणि लिहायला बसले. तू शेजारच्या खाटेवरच आहेस, हात लांबवला तर लागशील. तरी पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस.

आपल्या केसचा निकाल लागला. हायकोर्टानं मला तुझी पालक नेमलं. वकीलबाई पेढे घेऊन थेरगावला घरी आल्या होत्या. त्यांचा दोष नाही, केस जिंकली की पेढे आणायची त्यांना सवय. आईंनी पेढा हातात धरून विचारलं, "म्हंजी माझं लेकरू उठल का आता?" वकीलबाई चहा अर्धा टाकून गेल्या.

निकालावर पेपरात एका मोठ्या वकिलांचा लेखही आला. अल्पवयीन मुलांसाठी कायदा आहे, मनोरुग्णांसाठी आहे, पण कोमात गेलेल्या माणसाचा पालक नेमायला वेगळा कायदाच नाही, म्हणून कोर्टानं आपला खास अधिकार वापरला, असं त्यात होतं. लेख चांगला आहे, मी दोनदा वाचला. पण त्यात तू कुठेच नव्हतास. सेकंड शिफ्ट सुटल्यावर चाकणच्या चौकात ज्याला ट्रकनं उडवलं, जो हेल्मेट फ्रिजवर ठेवून आईची बोलणी खायचा, मॅच हरली की जेवायचा नाही, तो बुद्धरत्न नव्हता. 'सदर व्यक्ती' होती.

सगळ्यात जास्त छळलं ते माझ्या आडनावानं. विहारात आपलं लग्न झालं तेव्हा तूच हट्ट धरलास, मिनलनं नाव बदलायचं नाही. भावकी कुजबुजली, तू मात्र ऐटीत सांगत फिरलास. आता कोर्टात कागद लागले, तर आधार कार्डावर मी अजून वडिलांच्याच नावानं. तुझी बायको कशावरून, हे दाखवायला विहाराचा दाखला दिला, लग्नाचे फोटो दिले, शेवटी आईंचं प्रतिज्ञापत्र. आईंनी अंगठा उठवला आणि कारकुनाला सुनावलं, "रोज त्याचं हागणं-मुतणं काढती, ती बायको न्हाई तर कोन हाय?" मला हसू आलं, आणि मग रडू आवरेना. नाव न बदलल्याचा पस्तावा मला झालेला नाही. तसं कुणी तुला सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

सरकारी डॉक्टर तपासायला आले होते. कानाशी तुझं नाव घेऊन हाका मारल्या, छातीवर बोटांनी जोरात दाबून पाहिलं. मी दारात उभी राहून मनात म्हणत होते, एकदा तरी वैताग, एखादी शिवी हासड. तू वैतागला असतास तर आपण केस हरलो असतो आणि पेढे मी वाटले असते.

आता मुद्द्याचं सांगते. मोशीचा फ्लॅट विकावा लागणार. तो तुझ्या एकट्याच्या नावावर, म्हणून तर ही सगळी कोर्टकचेरी. हप्ते आणि तुझा दवाखाना, दोन्ही मला एकटीला पेलत नाही. बुकिंगच्या दिवशी तू मला मातीच्या ढिगाऱ्यावर चढवलं होतंस, आपली गॅलरी किती उंचावर येणार ते दाखवायला. माझी चप्पल रुतली आणि तू पोट धरून हसलास. ताबा मिळाला तेव्हा तू आयसीयूत होतास. मी अजून त्या घरात पाऊल ठेवलेलं नाही. कोर्टानं विकायची परवानगी दिली आहे. उद्या सकाळी रजिस्ट्रार ऑफिसात तुझ्या नावापुढे मी सही करायची आहे.

रतन, कोर्टानं सगळ्यांना विचारलं. आईंची संमती घेतली, तुझ्या भावाची घेतली, डॉक्टरांचं मत घेतलं. तुला विचारायचं कलम मात्र कुठल्याच कायद्यात नाही. म्हणून मी विचारतेय. हे सगळं आता तुझ्या कानाशी बसून वाचणार आहे. आपलं घर विकू का रे? तू काही बोलणार नाहीस, मला ठाऊक आहे. तरी वाचून झाल्यावर मी थोडा वेळ थांबेन.

तुझीच, आणि आता कागदोपत्री तुझी पालक,
मिनल