ममाच्या पट्टीवरचा सगळ्यांत लहान मासा

१३ ऑक्टोबर, रविवार

पट्टी सापडली! शिवणाच्या मशीनच्या खणात नव्हती, कपाटावर नव्हती. स्वयंपाकघरात लाटण्यामागे उभी होती. मीच ठेवली असणार. हल्ली मी वस्तू नीट ठेवते आणि मग त्या हरवतात.

ममाची कापडं मोजायची लाकडी पट्टी. तिच्या कडेनं तापल्या सुईनं कोरलेली अडतीस वर्षं: साल, नाव, माशाची लांबी. पहिली ओळ माझ्या भावाची, रूबेनची. तो आठ वर्षांचा होता. माझा ट्राउट त्याच्यापेक्षा मोठा निघाला म्हणून तो तळ्याच्या काठी भोकाड पसरून बसला, आणि ममानं तिथल्या तिथे कायदा केला— ज्याचा मासा सगळ्यांत लहान, पुढच्या मोसमाचं तळं त्याच्या मर्जीचं! रूबेनचं रडणं बंद. मग माझं सुरू.

कायद्याचं दुसरं कलम तिनं रात्री शेकोटीपाशी जोडलं. जो निवडेल त्यानं यायचंच. पुढच्या वर्षी रूबेनला गालगुंड झालं होतं, तरी घोंगडीत गुंडाळून नेलाच त्याला. "तळं तू निवडलंस ना? मग चल."

शेवटची ओळ माझी. गेल्या वर्षी, एकवीस सेंटिमीटर. म्हणजे यंदा मी निवडायचं. मासेमारीचा मोसम उघडायला आलाय, आणि मी पट्टी शोधण्यात आठवडा घालवला. खरं तर मला ती सापडायला नको होती.

कारण डॉक्टर म्हणालेत, पापांच्या हृदयाची झडप नाताळच्या आत बदलायला हवी. आणि पापा म्हणालेत, नाही.

१५ ऑक्टोबर

दिवसभर वारा. अर्जेंटिनातल्या या झापाला गावात वाऱ्याशिवाय दिवस असतो का! माझ्या वाचनालयाचं दार तीनदा आपटलं. नेलिदाचा फोन— "मिर्ता, एकच मागणं आहे, वारा नसलेलं तळं निवड." माझी वहिनी गोड बाई आहे, पण ती कॉर्डिलेराच्या डोंगरांत वारा नसलेलं तळं शोधते आहे.

२० ऑक्टोबर, मातृदिन

सगळे पापांकडे जेवायला. नेलिदानं रॅव्हिओली केले, रूबेननं बकरा भाजला, आयलिननं मला स्वतः विणलेला गळपट्टा दिला. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद. सतरा वर्षांची मुलगी आईसाठी काहीतरी विणते हेच खूप. ममाच्या फोटोपुढे मी एक फांदी ठेवली. पापांनी तिची पानं सरळ केली.

मग निवडणूक सुरू.

रूबेनला डोंगरातलं ते तीन तास चढून जायचं तळं हवं. "तिथं एवढाले आहेत!"

नेलिदा— "तुझे मासे घरी येईपर्यंत हातभर वाढतात. पाण्यात एवढुस्से असतात."

आयलिनला गरम पाण्याची न्हाणी हवी, आणि फोनला रेंज.

"कुणाशी बोलायचंय गं?" रूबेन.

"तुमच्याशी तर नाही, मामा."

पापा कोपऱ्यात खिडकीशी बसून गळाला लावायच्या खोट्या माश्या बांधत होते— कोंबड्याचं पीस, लाल दोरा, भिंगाखाली. बोटं अजून स्थिर आहेत. जिना चढले की मात्र मधल्या पायरीवर उभे राहून 'चित्र बघतात'. तिथे चित्र नाही.

मी विचारलं, "पापा, तुम्हाला कुठलं तळं आवडेल?"

"कुणाची पाळी आहे?"

"माझी. पण—"

"मग पण कसला?"

त्यांना बोलतं करण्यापेक्षा दगडाला गळ लावणं सोपं. अडतीस वर्षांत पट्टीवर ममाचं नाव बारा वेळा आहे, माझं, रूबेनचं, नंतर नेलिदाचं, आयलिनचंसुद्धा. पापांचं एकदाही नाही. त्यांचा मासा कधी सगळ्यांत लहान निघालाच नाही. त्यामुळे त्यांना कुठलं तळं सगळ्यांत प्रिय आहे, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नाही! आज हे पहिल्यांदाच लक्षात आलं.

२२ ऑक्टोबर

नकाशा पसरून बसले. तासाभरानं लक्षात आलं, मी तळी बघतच नव्हते. प्रत्येक निळ्या ठिपक्यापासून जवळच्या दवाखान्यापर्यंत दोऱ्यानं अंतर मोजत होते.

२३ ऑक्टोबर

ठरलं. अलुमिने तळ्याचा गावाकडचा काठ. डांबरी रस्ता, तंबूच्या जागेवर गरम पाणी, दवाखाना वीस मिनिटांवर. आयलिननं मला उचलून गोल फिरवलं. नेलिदाला झाडांचा आडोसा मिळाला. रूबेन म्हणाला, "तिथं माशांपेक्षा बोटी जास्त," पण कुरकुर थोडक्यात आटोपली. त्यालाही कळलंय.

पापा म्हणाले, "बरं."

ते 'बरं' मला कानात खड्यासारखं टोचतंय.

२९ ऑक्टोबर

एकोणतीस तारीख, म्हणजे आमच्याकडे न्योकी, बटाट्याचे छोटे उकडलेले गोळे. बटाटे मी उकडले, पापांनी काट्यावर वळले. ताटाखाली नोट ठेवायची असते, महिना बरा जातो. रूबेननं काय करावं? पापांच्या ताटाखाली नोटेऐवजी नेउकेनच्या इस्पितळाचा कागद सरकवला. ऑपरेशनची तारीख घ्यायला ज्या नंबरवर फोन करायचा, तो कागद. मला आधी एका शब्दानं बोलला नाही.

पापांनी ताट उचललं. चष्मा लावला. वाचलं. आम्ही सगळ्यांनी न्योकीत तोंड घातलं.

"रूबेन, मला चिरायला मी काय ट्राउट आहे?"

"ट्राउटला भूल देत नाहीत, पापा. तुम्हाला देतील."

पापा हसले! मला वाटलं, जिंकलो. त्यांनी कागदाची घडी घातली, आणखी एक घडी, आणखी एक. मग वाकून— दम लागला, तरी वाकून— टेबलाच्या आखूड पायाखाली नीट बसवली. टेबल हलवून पाहिलं.

"कित्येक वर्षं डुगडुगत होतं. कामाचा कागद आहे."

आयलिन हसून हसून ठसकली. रूबेन उठून अंगणात गेला. मी भांडी घासायला उभी राहिले, तर पापा मागून आले आणि हळूच म्हणाले,

"पोरी, तू तळं नाही निवडलंस. दवाखाना निवडलास."

मी नळ मोठा सोडला.

"तुझ्या आईनं असला कायदा नव्हता केला. मरायला सोयीचं कुठे, हे नाही विचारलं तिनं कधी. मासे कुठे आहेत, ते बघ."

मी रडले, आणि रडता रडता त्यांच्यावर चिडलेही. स्वतः ऑपरेशनला नाही म्हणायचं आणि आम्ही घाबरायचंही नाही! हा कुठला न्याय?

३१ ऑक्टोबर

निर्णय बदलला. न्योर्किंको तळं. खडीचा रस्ता, ना न्हाणी, ना रेंज. काठावर पेवेनची झाडं, छत्र्या उघडून उभी असल्यासारखी. दवाखाना किती लांब, ते मोजलं नाही. (मोजलं. दीड तास.)

लहान असताना तिथेच माझा पहिला ट्राउट लागला होता, आणि पापांनी माझे दोन्ही हात आधी पाण्यात बुडवले होते. "कोरड्या हातानं धरलंस तर त्याचं अंग भाजतं." मला हेच तळं हवंय. बस्स. विचारलंय कुणी का? मला हवंय!

आयलिन दोन तास बोलली नाही. नेलिदा— "वारा?" मी— "वारा." तिनं सुस्कारा सोडला आणि चार स्वेटर काढले.

पापांना सांगितलं तेव्हा ते माशीवर गाठ मारत होते. वर न बघता म्हणाले, "मग हिरव्या बांधायला हव्यात."

९ नोव्हेंबर, शनिवार. न्योर्किंको

लिहायला बोटं गारठली आहेत. तंबूत बसून लिहिते आहे. रूबेन भाजायची जाळी घरी विसरला! निवडणाऱ्यानं पहिल्या दिवशीचं मांस भाजायचं, म्हणजे काम माझं. जाळी नाही, तेव्हा बरगड्या काठीला बांधून आगीशी उभ्या केल्या. एक बाजू कोळसा, दुसरी कच्ची. सगळ्यांनी निमूट खाल्लं. आयलिन म्हणाली, "मामा, तुम्ही डोकं तरी आणलंय ना?"

दुपारी वारा पडला. खरंच पडला! नेलिदा पाण्याकडे असं बघत होती जणू तिनंच थांबवला.

पापांची खुर्ची मी ओढ्याच्या तोंडाशी मांडली, जिथे तो तळ्यात उतरतो. ते बसले नाहीत. गुडघाभर पाण्यात उभे राहिले. मी थोडी मागे झुडपात, मदत लागली तर, पण दिसू नये अशी. दोरी हवेत अशी उलगडत होती की मला त्यांची झडप, नाताळ, सगळं विसरायला झालं.

एक मासा लागला. अगदी तळहाताएवढा. पापांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. हात बुडवला, गळ सोडवला आणि मासा हळूच पाण्यात जाऊ दिला. एखाद्या मुलाला शाळेच्या मागच्या दारानं पळू द्यावं तसा.

मी झुडपातून बाहेर! "पापा! तो मोजायचा होता!"

"कुठला?"

"मी पाहिलंय!"

चोरी पकडलेल्या पोरासारखे लाल झाले. मग खुर्चीत बसले, मी शेजारी दगडावर, माते नावाच्या पाल्याच्या चहाचा पोकळ भोपळा दोघांत. गरम कडू घोट घेत बोलले. इतकं सलग ते ममा गेल्यापासून बोलले नव्हते.

"मालगाडीवर होतो मी, मिर्ता. नोव्हेंबरात ड्युटी कुठे लागेल ते महिनाभर आधी कळायचं नाही. निवडलं की यायलाच हवं, तुझ्या आईचा कायदा. तुम्ही दोघं पिशव्या भरून दारात बसायचात. बोलून न येण्यापेक्षा न बोललेलं बरं. म्हणून लहान मासा लागला की सोडून द्यायचो."

"अडतीस वर्षं?"

"तुझ्या आईला माहीत होतं."

"अहो, पण तुम्ही निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली!"

"सवयीला पेन्शन नसते."

मी हसले. भोपळा भरून परत दिला. मग विचारलंच, "आणि आता?"

ते चहाची नळी ओढत राहिले. पाणी संपल्याचा खरखर आवाज आला तरी.

"आता तर मुळीच नाही. पुढच्या नोव्हेंबरचं मी काय सांगू?"

१० नोव्हेंबर

सकाळी सगळे गोठलेले, सगळे खुशीत. नेलिदानं आगीवर जाड पुऱ्यांसारख्या तोर्ता फ्रीता तळल्या, कडेनं कुरकुरीत. रूबेनला छप्पन्न सेंटिमीटरचा लागला— खरा छप्पन्न, पट्टीवर मोजलेला, साक्षीदार चार! पट्टी पन्नासचीच, म्हणून दोनदा ठेवावी लागली. मासा पाण्यात परत सोडताना रूबेनचे डोळे भरले होते. "सहासष्ट होईल उद्यापर्यंत," नेलिदा म्हणाली, पण तिनं त्याचा फोटो काढला.

सगळ्यांत लहान तोपर्यंत आयलिनचा, तेवीस. ती पुढच्या वर्षीच्या न्हाण्या मोजायला लागली होती.

दुपारी सामान आवरत होतो. पापा अजून पाण्यात. मी मुद्दाम तिकडे बघत नव्हते. काल जे म्हणाले त्यानंतर मला ते बघायचंच नव्हतं.

आणि हाक आली.

"मिर्ता! पट्टी आण!"

हातातलं पातेलं टाकून धावले. वाटेत एकदा पडले. पापा पाण्यात वाकलेले, ओल्या ओंजळीत एवढासा ट्राउट, पाठीवर ठिपके, तोंड उघडं-मिट.

"नीट धर. शेपटी सरळ कर. किती?"

"सोळा."

"सोळा पूर्ण?"

"साडेपंधरा, पापा."

"मग साडेपंधरा लिही. लबाडी नको."

मासा गेला. पाणी क्षणभर ढवळलं आणि नितळलं. आयलिन मागून आजोबांवर ओरडली, "नोनो, तू माझी न्हाणी घालवलीस!" आणि त्यांच्या गळ्यात पडली. रूबेन पातेलं हातात घेऊन नुसता उभा.

मी सुई आगीत धरली. पट्टी पापांनी धरली. यंदाचं साल. पापांचं नाव, एवारिस्तो. साडेपंधरा. लाकडाच्या जळक्या वासाबरोबर ममाची आठवण आली, पण आज ती आठवण हसत आली.

"कुठलं तळं?" रूबेननं विचारलं.

"पुढच्या वर्षी सांगेन."

१२ नोव्हेंबर

घरी. सगळ्या कपड्यांना धुराचा वास, धुवावेसे वाटत नाहीत. रूबेनचा फोन— "त्यांनी मोजायला का दिला गं?" मी म्हटलं, विचारू नकोस. मीही नाही विचारलं. कुणी आपलं नाव पट्टीवर घातलं म्हणून झडप बदलत नाही. मी जास्त आशा धरायची नाही असं ठरवलंय, आणि दिवसभर शीळ घालते आहे.

१८ नोव्हेंबर

सकाळी पापांकडे गेले. मातेची किटली टेबलावर ठेवली आणि टेबल डुगडुगलं, पाणी सांडलं. खाली वाकून पाहिलं. पायाखालचा इस्पितळाचा कागद नव्हता.

"बघतेस काय?" पापा म्हणाले. "पूस ना."