एका फोटोपुरता कॅमेरा

३ मार्च

अक्काचा रिपोर्ट आला. जबड्यात गाठ, डावीकडे, आणि गाठ वाईट आहे. सर्जनने नळदुरुस्तीवाला सांगतो तितक्या शांतपणे सांगितलं की खालच्या जबड्याचा एवढा तुकडा काढायचा आणि पायाच्या हाडाचा तुकडा तिथे बसवायचा. महिनाअखेर ऑपरेशन. चेहरा बदलेल, मनाची तयारी ठेवा.

अक्का म्हणाली, पायाचं हाड तोंडात? म्हणजे यापुढे मी बोलले की समोरच्याला लाथच बसणार.

सर्जन हसले नाहीत. मी हसलो, पण उशिरा.

जिन्यात तिने माझा दंड धरला. म्हणाली, शास्त्री, (मी संस्कृत घेऊन एम.ए. झालो त्याला तीस वर्षं झाली, थट्टा चालूच आहे) ऑपरेशनच्या आधी माझा एक बरा फोटो काढ. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला, लोकांनी नुसता आवाज ऐकला. तोंड कुणी पाहिलं नाही. ओळखपत्रावर मी पाकीटमार दिसते. हे तोंड जायच्या आधी एकदा नीट घे.

घेतो म्हणालो.

संकल्प: फोटो बरा नव्हे, उत्तम काढायचा. उत्तम कार्याला उत्तम साधन हवं. सबब, कॅमेरा.

५ मार्च

अभ्यासाला सुरुवात. मला हवा त्या जातीला प्रीमियम कॉम्पॅक्ट म्हणतात. कॅमेरा खिशात मावतो, किंमत मावत नाही. लेन्स बदलता येत नाही, झूम होत नाही, आणि म्हणूनच महाग. वैराग्याला एवढा भाव आलेला प्रथमच पाहिला.

बायको म्हणाली, अहो, हातात फोन आहे ना?

उत्तर दिलं नाही, इथे लिहितो. फोन चेहरा गुळगुळीत करतो. अक्काला सुरकुत्यांसकट खरा चेहरा हवा आहे. (अक्काला विचारलेलं नाही. पण मी तिचा सख्खा भाऊ आहे.)

८ मार्च

न्यायशास्त्रात ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत. क्रमाने जातो.

शब्द: म्हणजे आप्तवाक्य, विश्वासू माणसाचं सांगणं. इंटरनेटवर एकवीस आप्त सापडले. अकरा म्हणतात किंमत वाजवी, नऊ म्हणतात लूट. एक आप्त रडतच होता, त्याचा कॅमेरा समुद्रात पडला.

उपमान: तीन मॉडेल शेजारी शेजारी ठेवून तक्ता केला. तिन्ही सारखी निघाली.

अनुमान: जे इतकं महाग ते वाईट कसं असेल? हा तर्क सदोष आहे हे मला कळतं. तरी बरं वाटलं.

प्रत्यक्ष बाकी आहे. दुकानात जायला हवं. या आठवड्यात नगरपालिकेचं बजेट, बातमी द्यावीच लागणार. पुढल्या आठवड्यात नक्की.

११ मार्च

ऑफिसातल्या फोटोग्राफरशी बोललो. त्याला आम्ही निगेटिव्ह म्हणतो, कारण त्याच्या तोंडून होकार आलेला कुणी ऐकलेला नाही. म्हणाला, आत्ता घेऊ नकोस पंडित, नवीन मॉडेल येतंय. मग हाच निम्म्या किमतीत रस्त्यावर मिळेल. कधी येतंय विचारलं. म्हणाला, आलं की कळेलच.

माहितीचा स्रोत विश्वसनीय वाटतो. थांबणं शहाणपणाचं. महिनाअखेरीला अजून भरपूर अवकाश आहे.

१४ मार्च, दुपारी

अक्काकडे प्रकाशाची पाहणी. दार उघडलं आणि बघतो तो ती तयार. केस धुऊन विंचरलेले, कानात आईच्या कुड्या, खुर्ची ओढून खिडकीपाशी. तिला वाटलं आजच.

मी सांगितलं, आज फक्त पाहणी. खिडकी पश्चिमेची, चारनंतर उजेड मऊ होतो, भिंत पांढरी आहे त्याने फायदा होईल. हे सगळं टिपून घेतलं. ती अर्धा तास हलली नाही. मी वेगवेगळ्या कोनांतून एक डोळा मिटून बघत होतो.

निघताना म्हणाली, मग आज नुसतंच बघून चाललास? बघ बाबा बघ, अजून तरी फुकट आहे.

डावा गाल थोडा सुजल्यासारखा वाटला. काळजीचं कारण नाही. उजवीकडून घेतला की दिसणार नाही.

१७ मार्च

प्रत्यक्ष! दुकानदाराने काचेखालून काढून हातात दिला. थंड, लहान, आकाराच्या मानाने जड. बटण दाबलं तर आवाज इतका हळू की कुणीतरी शेजारच्या खोलीत सुपारी फोडली असावी. मन विरघळलं. पण मी वार्ताहर आहे, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

सरळ विचारलं, या किमतीला हा योग्य आहे का?

दुकानदार म्हणाला, साहेब, फोटो कशाचे काढणार त्यावर आहे.

म्हटलं, बहिणीचा.

किती?

एक.

त्याने मुलाला हाक मारून माझ्यासाठी पाणी मागवलं.

१८ मार्च

दुकानदाराचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. एकाच फोटोसाठी घेतला तर ती सगळी किंमत त्या एका फोटोची. दहा हजार काढले तर फोटो जवळजवळ फुकट. म्हणजे प्रश्न अक्काचा नसून उरलेल्या नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवांचा आहे. कशाकशाचे काढता येतील त्याचा विचार केला. रस्त्यातले खड्डे. सभागृहात झोपलेले सदस्य. सूर्यास्त. बायको म्हणाली, तुम्ही सूर्यास्ताला कधी घराबाहेर असता?

आजपासून रोज संध्याकाळी फिरायला जाणार.

१९ मार्च

गेलो नाही. ढग होते.

२० मार्च

अक्काचा फोन. तोंड पूर्ण उघडत नाही आता, शब्द दातांच्या फटीतून येतात. तरी स्वर तोच, ज्या स्वरात ती आयुष्यभर लोकांना कृपया थांबा म्हणत आली. विचारत होती, सापडला का रे तुझा कॅमेरा?

नवीन मॉडेलबद्दल समजावून सांगितलं.

म्हणाली, शास्त्री, जुनं मॉडेल संपत आलंय बरं का.

तिला चुकीची माहिती आहे. मी सांगितलं की जुनं अजून सगळ्या दुकानांत मुबलक आहे, काळजी करू नकोस. त्यावर तिने फोन ठेवला. बोलायला त्रास होत असणार.

२२ मार्च

हॉस्पिटलचा फोन. दुसऱ्या एका पेशंटचं ऑपरेशन रद्द झालं, त्याची वेळ अक्काला. परवा सकाळी. उद्या दाखल व्हायचं.

हे लोक आधी सांगत नाहीत आणि मग घाई करतात. माझं सगळं नियोजन महिनाअखेरचं होतं.

निर्णय या शब्दात बाहेर नेणं असा अर्थ आहे. तसा तडक घराबाहेर पडलो आणि कॅमेरा घेतला. किंमत वाजवी आहे की नाही याचा विचार आता मागाहून, निवांत.

२३ मार्च, रात्री

घडलं तसं लिहितो.

कॅमेरा सकाळभर चार्जिंगला. दुपारी भाषा निवडली, तारीख भरली, माहितीपुस्तकाची चाळीस पानं वाचली. पाच वाजता वॉर्डात पोचलो. बायको आधीच तिथे. अक्काचा पलंग खिडकीशेजारी, पश्चिमेच्या! उजेड असा की मी इतके दिवस वाचत होतो तो हाच. अक्का उशीला टेकून बसली, केस बायकोने विंचरून दिलेले, सुजेवर तिने आपणहून बोटं ठेवली होती, नुसता विचार करत बसल्यासारखी. आयुष्यात इतकी देखणी दिसली नव्हती.

बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: मेमरी कार्ड नाही.

कार्ड डब्यात देत नाहीत. एवढ्या किमतीत देत नाहीत. एकवीस आप्तांपैकी एकानेही हे सांगितलं नव्हतं. (बायको म्हणते, माहितीपुस्तकाच्या तिसऱ्या पानावर आहे. मी तिसरं पान वरवर चाळलं होतं.)

बायको म्हणाली, अहो, फोनवर काढा ना आत्ता, उजेड आहे तोवर. मी म्हटलं, दोन मिनिटांत कार्ड घेऊन येतो.

समोरच्या दुकानात कार्ड होतं, पण साधं. दुकानदार म्हणाला, चालेल की. चालेल हे मलाही माहीत आहे. पण या कॅमेऱ्याला साधं कार्ड घालणं म्हणजे त्याचा अपमान, असं सगळ्या आप्तांचं एकमत, आणि एकमत तेवढ्याच मुद्द्यावर होतं. पुढच्या दुकानात गेलो, ते बंद. मग स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानात. तिथे मिळालं. वेगवान.

परतलो तेव्हा काळोख पडला होता आणि भेटीची वेळ संपली होती. गेटवरच्या वॉचमनने अडवलं. पत्रकाराचं ओळखपत्र दाखवलं. तो म्हणाला, बरं, बातमी काय आहे?

मी ओळखपत्र परत खिशात ठेवलं.

बायको खाली आली. म्हणाली, मी म्हटलं त्यांना, तुमचे भाऊ येईपर्यंत मी काढते फोनवर. तर नको म्हणाल्या. त्याला वाईट वाटेल.

आम्ही घरी आलो.

संकल्प: उद्या पहाटे जायचं. ऑपरेशन आठला. सातपर्यंत फोटो.

२४ मार्च

पहाटे उठलो. कार्ड घातलं, दोनदा तपासलं. साडेसहाला वॉर्डात. पलंग रिकामा, चादर बदललेली. तयारीसाठी लवकर नेतात म्हणे.

दिवसभर बाकावर. गळ्यात कॅमेरा. एका गृहस्थाने विचारलं, आपण कोणाच्या लग्नाचे फोटोग्राफर? मग जागा कुठली हे त्याच्या लक्षात आलं आणि तो उठून दुसऱ्या बाकावर गेला.

संध्याकाळी सर्जन बाहेर आले. म्हणाले, ऑपरेशन चांगलं झालं. मी आभार मानले आणि बायकोचा हात धरला. किती दिवसांनी धरला आठवत नाही.

२७ मार्च

आत सोडलं, पाच मिनिटं. गळ्यात नळी, डोक्याभोवती पट्ट्या. खालचा चेहरा कुठे सुरू होतो आणि सूज कुठे संपते, कळत नव्हतं. डोळे मात्र अक्काचे. ते माझ्यावर आले, मग माझ्या छातीवरच्या कॅमेऱ्यावर, मग परत माझ्यावर. मी जॅकेटची चेन वर ओढली.

ती हसली असावी. नक्की सांगता येत नाही. हसायला जे लागतं ते आता जागेवर नाही.

३० मार्च

बायको म्हणाली, कॅमेरा परत घेतील का बघा. मी म्हटलं, सूज उतरली की अक्काचा काढायचाच आहे. नवा चेहराही चेहराच. तिला आवडेल.

बायको म्हणाली, तुम्ही विचारलंत?

३१ मार्च

विचारलं. अक्काने डोळे मिटून घेतले आणि मी बाहेर जाईपर्यंत उघडले नाहीत. थकली असेल. पुढल्या आठवड्यात पुन्हा विचारतो.

२ एप्रिल

कॉरिडॉरमध्ये शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी थांबवलं. पंचविशीतल्या असतील. म्हणाल्या, काका, तुम्हीच का ते कॅमेरावाले भाऊ?

हो म्हणालो. थोडी छाती फुगली.

त्या सांगू लागल्या. अशा ऑपरेशनआधी आदल्या रात्री फाइलसाठी फोटो घ्यावे लागतात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, मोजमापाला. त्यांनीच घेतले, फोनवर. पेशंटला सांगतात, चेहरा साधा ठेवा, हसू नका, हाडांची रेषा बदलते. बहुतेक रडतात. तुमच्या अक्का हसत होत्या. चार वेळा घ्यावा लागला, तरी हसूच. शेवटी मी विचारलं, आजी, एवढं काय हसायला येतंय? तर म्हणाल्या, माझा भाऊ माझ्या फोटोसाठी गावभर कार्ड शोधत हिंडतोय. तो भेटला तर सांगा, झाला हो फोटो, घरी जाऊन जेव.

आणि हे मला सांगायचं डॉक्टरीणबाईंकडून राहून गेलं. ड्यूटी बदलली म्हणे.

मी दाखवा म्हणालो. इकडेतिकडे बघून त्यांनी दाखवला. डोक्यावर ट्यूबलाइट. मागच्या भिंतीवर ओल. हनुवटीखाली फूटपट्टी आणि नंबराची चिठ्ठी धरलेला कुणाचा तरी हातमोजा. गाल सुजलेला, झाकायला बोटं नाहीत. आणि अक्का थेट समोर बघत, ओठ घट्ट दाबून हसू आवरत होती, आणि ते आवरत नव्हतं.

मी म्हणालो, मला पाठवा. त्या म्हणाल्या, नाही काका, फाइलचा आहे, बाहेर देता येत नाही. दाखवायलासुद्धा नको होता.

पुन्हा एकदा बघू द्या म्हणालो. त्या म्हणाल्या, काका, राउंड सुरू झालाय, आणि फोन अॅप्रनच्या खिशात टाकून निघून गेल्या.